विल्टशरच्या चर्चच्या वह्यांत सासूबाईंचा पूर्वज शोधताना

माझ्या सासरी म्हणजे इंग्लंडमधल्या विल्टशर जिल्ह्यातल्या स्विंडनला एक गोष्ट ठरलेली होती, की सासूबाईंचे पूर्वज तिथल्याच प्यूझीच्या खोऱ्यातले शेतकरी, स्वतःची जमीन असलेले, आणि मग रेल्वे आली तशी पुढची पिढी शहरात आली. ख्रिसमसच्या जेवणाला हे दरवर्षी निघायचं. मी मूळची सातारा जिल्ह्यातली, आमच्याकडे जमीन म्हटलं की लगेच सातबारा कुठाय हे विचारतात, त्यामुळे मीही एकदा विचारलं की कागद काय आहे याचा, तर कागद काहीच नव्हता. मग सासूबाईच म्हणाल्या तूच शोध. (मी त्यांना समोर इथल्या पद्धतीने नावानेच हाक मारते पण मराठीत लिहायला बसलं की सासूबाईच येतं, इलाज नाही.)

आमच्या वडिलांनी नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे आमच्या घराण्याची वही काढून पाहिली होती, गाव आणि आडनाव सांगितलं आणि गुरुजींनी पानं उलटून आजोबा पणजोबांची नावं वाचून दाखवली, त्यामुळे माझी कल्पना अशी की इथेही असंच कुठेतरी जायचं आणि वही मागायची. वह्या आहेत, आणि आपल्यापेक्षा फार सरसकट आहेत. 1538 मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला की प्रत्येक चर्चने आपल्या हद्दीतले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं दर आठवड्याला लिहून ठेवायची. ही हद्द म्हणजे पॅरिश. पुढे या वह्या तीन कुलपांच्या पेटीत ठेवायचा नियम आला, आणि वर्षातून एकदा नक्कल करून बिशपकडे पाठवायची. या नकलेचा मला पुढे फार उपयोग झाला, सांगते.

सुरुवात मात्र वहीपासून नाही करायची, मागे मागे जायचं असतं. सासूबाईंचे खापरपणजोबा रेल्वे कारखान्यात होते हे नक्की माहीत होतं. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा स्विंडनचा कारखाना 1843 ला सुरू झाला आणि कामगारांसाठी सेंट मार्क्स चर्च बांधलं ते 1845 ला. त्याच चर्चमध्ये 1848 ला त्यांचं लग्न लागलं. 1837 च्या जुलैपासून इंग्लंडमध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली आणि तेव्हापासून लग्नाच्या दाखल्यावर दोघांच्याही वडिलांचं नाव आणि धंदा असतो, म्हणजे एका कागदात एक पिढी मागे जाता येतं. वयाच्या रकान्यात मात्र आकडाच नाही, 'सज्ञान' एवढंच लिहिलंय, म्हणजे एकवीसच्या वर. वडील जॉन, धंदा मजूर. आडनाव मी इथे देत नाही कारण नातेवाईक बरेच आहेत आणि सगळ्यांनाच हे वाचून आनंद होईल असं नाही, गावांची नावंही त्याचसाठी गाळते. तर जॉन, मजूर. शेतकरी नाही. सासूबाई म्हणाल्या लिहिणाऱ्याने चुकीचं लिहिलं असेल.

मग खानेसुमारी. 1841 च्या खानेसुमारीचा एक त्रास असा की पंधराच्या वरच्या माणसांचं वय पाचाच्या पाढ्यात खाली आणून लिहिलंय, त्रेचाळीसचा माणूस चाळीस होतो, आणि जन्म कुठला तर याच काउंटीतला म्हणजे जिल्ह्यातला का, हो किंवा नाही एवढंच. 1851 ची खरी कामाची, तिच्यात जन्माचं गाव लिहिलंय. तिथे जॉन सापडला, वय 52, शेतमजूर, बायको मेरी, दोन लहान पोरं. आणि इथे गंमत सुरू झाली कारण जॉनचा जन्म एका गावचा, मेरीचा दुसऱ्या गावचा, राहतात तिसऱ्याच गावात. थोरली मुलं तेव्हा बाहेर पडलेली पण त्यांचा जन्म मेरीच्या गावचा, धाकट्यांचा या तिसऱ्या गावचा. सोयीसाठी मी त्यांना जन्मगाव, सासुरवाडी आणि चाकरीचं गाव म्हणते. तिन्ही एकमेकांपासून चालत जायच्या अंतरावर. आता ज्या माणसाकडे जमीन आहे तो बायकोच्या गावाला का राहतो आणि तिथून उठून तिसऱ्या गावी का जातो? मला तिथेच वास आला होता खरंतर.

वह्यांकडे वळले. यातलं बरंच अँसेस्ट्री नावाच्या वंशावळीच्या साइटवर स्कॅन केलेलं आहे, इंग्लंडमधल्या बऱ्याच पब्लिक लायब्रऱ्यांत ते फुकट बघता येतं, फॅमिलीसर्चवर खातं फुकट, आणि फ्रीरेज म्हणून एक साइट आहे जिच्यावर हौशी लोक बसून वह्या टाइप करून टाकतात. एकच सांगते, टाइप केलेल्या यादीवर थांबू नका, मूळ पानाचा फोटो उघडा. आमचं आडनाव यादीत एक एल, दोन एल, शेवटी ई असलेलं नसलेलं, सगळ्या प्रकारे आहे कारण जॉनला लिहिता येत नव्हतं आणि व्हिकरला म्हणजे चर्चच्या पाद्र्याला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं. शिवाय तेव्हा इंग्रजी एस दोनदा आला की पहिला लांब काढायचे, तो डोळ्याला एफ दिसतो, टाइप करणाऱ्याने तो एफ म्हणून घातला की माणूस गेला हातचा.

1813 पासूनच्या वह्या वाचायला सोप्या कारण छापील फॉर्म आले, बाप्तिस्म्याच्या पानावर आठ नोंदी, मुलाचं नाव, आईबापाचं नाव, राहणार कुठे, बापाचा धंदा. सासुरवाडीच्या वहीत जॉन-मेरीची तीन मुलं मिळाली, 1822, 1824, 1826, तिन्ही वेळा धंदा मजूर. (सासूबाईंना फोटो पाठवले. उत्तर आलं नाही.) 1826 चा म्हणजे आमचा रेल्वेवाला. लग्न त्याच चर्चमध्ये नोव्हेंबर 1821 ला, पहिली मुलगी फेब्रुवारीत, हिशोब ज्याचा त्याने करावा, तेव्हा तिथे हे सर्रास चालायचं आणि व्हिकरही काही बोलायचा नाही. लग्नाच्या वहीत 1754 पासून नवरा-नवरी आणि साक्षीदारांच्या सह्या लागायच्या, इथे जॉनची पण फुली आणि मेरीची पण फुली. जॉनची फुली तिरकी, एक रेघ शाई फुटून लांब गेलेली, मेरीची बारकी आणि सरळ. मी त्या दोन फुल्यांकडे जरा जास्तच वेळ बघत बसले हे कबूल, अख्ख्या आयुष्यात या दोघांच्या हातचं तेवढंच उरलंय.

1826 नंतर सासुरवाडीच्या वहीतून हे कुटुंब गायब. 1830 ला चाकरीच्या गावच्या वहीत पुढचं मूल. चर्चच्या वहीत याचं कारण कधीच मिळत नाही, वही म्हणजे फक्त आला, लग्न झालं, गेला.

मधल्या वेळात जन्मगावचा जॉन शोधत होते तर तिथे दोन निघाले. एक फेब्रुवारी 1798, विल्यम आणि ॲनचा. दुसरा सप्टेंबर 1799, थॉमस आणि सारा यांचा, आडनाव तेच, बहुधा चुलतभाऊ. आणि 1800 मध्ये दफनाची नोंद, नुसतं 'जॉन, तान्हं बाळ', बापाचं नाव नाही. 1813 च्या आधी छापील रकाने नव्हते, व्हिकर कंटाळलेला असला की एवढंच लिहायचा. कुठला जॉन गेला? जिवंत राहिलेला आपला, पण तो कोणाचा? इथे ती बिशपची नक्कल कामाला आली. नक्कल करणारा बहुतेक वेगळा होता आणि त्याने पूर्ण लिहिलंय, थॉमस आणि साराचा मुलगा. म्हणजे आपला जॉन विल्यम आणि ॲनचा. त्यामुळे मूळ वही सापडली तरी नक्कल बघाच, आणि वहीला ओल लागलेली असेल, पान फाटलं असेल तर मग नक्कलच देवासारखी.

जॉनच्या थोरल्या बहिणीची 1791 ची नोंद बघितली तर शेजारी एक बारकं पी. हे पी म्हणजे पॉपर, कंगाल. 1783 ते 1794 या काळात सरकारने चर्चच्या प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर लावला होता, बाप्तिस्मा असो की दफन, आणि जे अगदीच गरीब त्यांना माफी, म्हणून ते पी. जमीनदार घराण्याची कथा तिथेच संपली खरं म्हणजे, जॉनच्या जन्माच्याही आधी. पण मी ते सासूबाईंना लगेच नाही सांगितलं, म्हटलं पूर्ण होऊ दे.

विल्यमच्या मागे 1720 च्या आसपासपर्यंत जाऊन आले, पण त्यात काही जीव नाही, नुसती नावं, तीच तीच नावं, विल्यमचा जॉन आणि जॉनचा विल्यम. मागे जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, 1752 च्या आधी इंग्लंडमध्ये नवीन वर्ष 25 मार्चला लागायचं, त्यामुळे वहीत 1731 चा फेब्रुवारी लिहिलाय तो आपल्या हिशोबाने 1732 चा, नाहीतर मूल आईबापाच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसतं.

बरं, आता मुख्य गोष्ट, ते तिसरं गाव. याचं उत्तर चर्चच्या रजिस्टरमध्ये नसतं, पण चर्चच्याच पेटीत असतं. कारण तेव्हाचा पॅरिश म्हणजे फक्त देऊळ-पूजा नाही, ग्रामपंचायतही तोच. 1601 च्या कायद्याने आपापल्या गरिबांना पोसायची जबाबदारी पॅरिशवर, त्यासाठी गावातल्या लोकांकडून कर गोळा करायचा आणि ओव्हरसियर नावाचा माणूस तो वाटणार. मग 1662 ला सेटलमेंटचा कायदा आला, की माणूस मदत मागायला आला किंवा येईल असं वाटलं तर तो आपल्या गावचा आहे का ते आधी बघा, नसेल तर ज्याचा आहे त्याच्याकडे परत पाठवा. कोण कुठला हे ठरवण्याचे नियम होते, बाप जिथला तिथला, किंवा जिथे उमेदवारी केली म्हणजे मालकाकडे राहून धंदा शिकला, किंवा लग्नाआधी जिथे पूर्ण एक वर्ष सालगडी म्हणून राहिला त्या गावचा. बायको नवऱ्याच्या गावची. चौकशी करायला दोन मॅजिस्ट्रेट, आणि त्या जबानीचा कागद पेटीत जायचा.

हे कागद ऑनलाइन क्वचितच असतात. विल्टशरचे चिपनमला आहेत, विल्टशर अँड स्विंडन हिस्टरी सेंटरमध्ये, आमच्यापासून ट्रेनने जवळ. आत जाताना बॅग लॉकरमध्ये, पेन चालत नाही फक्त पेन्सिल. रजिस्टरं मूळ बहुतेक देत नाहीत कारण फोटो आहेत, पण गरिबांचे कागद अस्सल देतात, सुती फितीने बांधलेलं बंडल, खाली फोमची उशी, पान उघडं राहायला एक वजनाची गोफासारखी लांब दोरी. सुरुवातीच्या कागदांची घडी उलगडायलाच हात धजत नव्हता. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, दोनशे वर्षं टिकलाय, तुमच्या हातून काही नाही होत त्याला.

सासुरवाडीच्या बंडलात जॉन होता. जानेवारी 1829. अर्धा कागद छापील, अर्धा हाताने भरलेला. म्हणतो, वय सुमारे 30, जन्म अमुक गावी. सोळाएक वर्षांचा असताना, लग्न झालेलं नसताना, मायकलमसच्या जत्रेत म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी तमुक गावच्या शेतकऱ्याकडे वर्षभरासाठी गाडीवानाचा हाताखालचा पोरगा म्हणून राहिलो, पगार तीन पौंड आणि खाणंपिणं, पूर्ण वर्ष काम केलं, पूर्ण पगार घेतला. त्यानंतर कुठेही हक्क मिळेल असं काही केलेलं नाही. सात वर्षांपूर्वी मेरीशी लग्न झालं, मुलं तीन, वयं सहा, चार आणि दोन. खाली तीच तिरकी फुली.

मला एकदम लख्ख झालं. ते तमुक गाव म्हणजे चाकरीचं गाव. सोळाव्या वर्षी केलेली एका वर्षाची चाकरी, आणि चौदा वर्षांनी तीच याला बांधून नेते. पूर्ण वर्ष भरलं म्हणून तो त्या गावचा झाला. हे शेतकऱ्यांनाही माहीत होतं, म्हणून बरेच जण मुद्दाम 51 आठवड्यांसाठीच गडी ठेवायचे, वर्ष भरू द्यायचे नाहीत. आपल्याकडे कंत्राटी कामगाराला मधे ब्रेक देतात ना, कायम करावं लागू नये म्हणून, ती युक्ती काही नवीन नाही हो. जॉनच्या मालकाने ती केली नाही, का ते त्यालाच ठाऊक.

जबानीच्या मागे टाचणीने लावलेली रिमूव्हल ऑर्डर. जॉन, मेरी आणि तीन मुलांना या पॅरिशमधून त्या पॅरिशमध्ये पोचवावं. आणि यात मला सगळ्यात जास्त कोणाचं वाईट वाटलं तर मेरीचं, ती त्याच गावात जन्मली, तिचे आईबाप तिथेच, वहीत तिचा बाप्तिस्मा आहे, पण लग्न केल्यामुळे ती कायद्याने नवऱ्याच्या गावची, आणि तीन मुलं तिथे जन्मून सुद्धा बापाच्या गावची. म्हणजे स्वतःच्या माहेरातून बाईला परगावची म्हणून गाडीत घालून काढलं. खर्चाच्या वहीत ते पण आहे, गाडी-घोड्याचं भाडं आणि सोबत नेणाऱ्यांसाठी पाव आणि बिअर. बिअरचे पैसे वेगळे लिहिलेत!

मदत का मागावी लागली हे जबानीत नाही पण काळ बघितला तर कळतं. तिकडे हिवाळ्यात शेतमजुराला काम म्हणजे मुख्य मळणीचं, कोठारात बसून हाताने धान्य झोडपायचं, आणि त्या वर्षांत शेतकऱ्यांनी मळणीयंत्रं आणली. विल्टशरची मजुरी आधीच देशात सगळ्यात कमी असलेल्यांपैकी, आठवड्याला सात-आठ शिलिंग. पुढे नोव्हेंबर 1830 ला याच खोऱ्यात मजुरांनी यंत्रं फोडली, कॅप्टन स्विंगचं बंड म्हणतात त्याला, 1831 च्या जानेवारीत सॉल्सबरीला खास कोर्ट बसलं आणि कितीतरी जणांना ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडलं. मी आरोपींच्या याद्या धडधडत्या छातीने बघितल्या, जॉन नाही. सासूबाईंचा मुलगा म्हणजे माझा नवरा जरा हिरमुसला, त्याला बंडखोर पूर्वज हवा होता.

जॉन त्या काळात चाकरीच्या गावच्या ओव्हरसियरच्या खात्यात आहे. हे खातं वाचताना मात्र मजा येते, म्हणजे मजा हा शब्द बरोबर नाही पण माणूस दिसायला लागतो. जॉनला आजारपणात तीन शिलिंग. जॉनच्या मुलाला बूट. मेरीला बाळंतपणात अर्धा क्राऊन. एक सदरा. सरपण. परत बूट. कुठल्या आठवड्यात घरात आजारी कोण होतं, पोराचे बूट किती दिवसात फाटले, हे मला दोनशे वर्षांनी माहीत आहे, आणि ज्या शेतकऱ्याच्या नावे चर्चमध्ये संगमरवरी पाटी आहे त्याच्याबद्दल यातलं काहीच कुठे नाही. पॅरिशला पैसे सोडायची वेळ आली की लेखणी चालू. जॉन सुखात असता तर मला तीन ओळींच्या वर मिळाला नसता.

1834 ला कायदा बदलला, घरपोच मदत आवळली, गावागावांची मिळून युनियन केली आणि वर्कहाउस बांधली, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घ्यायची घरं, डिव्हायझेसचं 1836 ला. तिथून ओव्हरसियरच्या खात्यात असलं काही मिळत नाही. 1861 च्या खानेसुमारीत जॉन त्याच डिव्हायझेसच्या वर्कहाउसमध्ये, विधुर, पॉपर, पूर्वी शेतमजूर. 1863 ला चाकरीच्या गावी दफन, राहण्याच्या रकान्यात 'युनियन'. मृत्यूचा दाखला मागवला, त्यावर कारण ब्राँकायटिस आणि कळवणारा वर्कहाउसचा मास्तर म्हणजे व्यवस्थापक, घरचं कोणी नाही. मुलगा तेव्हा स्विंडनला रेल्वेत पगारी नोकर. यावर आमच्याकडे दोन तट पडलेत. नवरा म्हणतो त्याने बापाला वाऱ्यावर सोडलं. सासूबाई म्हणतात त्याच्या घरात पाच पोरं होती (हे 1861 च्याच कागदावरून, वाचायला आता शिकल्यात त्या), कुठे ठेवणार होता. मला वाटतं दोघंही आपापल्या स्वभावाप्रमाणे बोलतायत.

सासूबाईंना हे सगळं एकत्र सांगायची मला धास्ती होती. कागद टेबलावर ओळीने मांडले, त्यांनी चष्मा लावून जबानी पूर्ण वाचली, मग खात्यातल्या बिअरपाशी आल्या आणि एकदम भडकल्या, की माझ्या माणसांना गावाबाहेर काढायला पाठवलेले लोक बिअर पिऊन गेले आणि ती पण गावाच्या पैशाने! जमिनीची गोष्ट त्यांनी त्यानंतर काढली नाही. या ख्रिसमसला जेवताना एका पाहुण्याने प्यूझीच्या शेताचं विचारलं तर त्यांनीच त्याला सेटलमेंटचा कायदा समजावून सांगितला, अर्धा तास, भाजलेले बटाटे गार होईपर्यंत.

त्या गावीही जाऊन आलो. गरिबाला दगड नसतो त्यामुळे जॉनची जागा दाखवता येत नाही, कुंपणाकडेला गवतातच कुठेतरी. पबमध्ये जेवलो, चांगलं होतं. आता मेरीच्या आईकडची बाजू राहिली आहे, ती मी सासूबाईंवर सोपवली आहे, लॉगिन करून दिलंय. रोज रात्री फोन येतो, हे अक्षर टी आहे की एफ, आणि मी भाकरी थापता थापता फोन कानाला लावून सांगते की फोटो मोठा करा आणि त्याच व्हिकरने दुसरीकडे टी कसा काढलाय तो बघा.